घरातील नळ आणि पाण्याचा दाब

(परभणी जिल्ह्यातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व पाणीपुरवठा कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



परभणी जिल्ह्यात पाण्याविषयी बोलणे निघाले की ते बहुधा टंचाईवर येऊन थांबते, आणि ते स्वाभाविकही आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी येथील वडीलधाऱ्या मंडळींच्या मनातून अद्याप गेलेल्या नाहीत. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवावे लागले, ही तर अलीकडचीच गोष्ट होय. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्या, जिंतूर तालुक्यातील येलदरीचे धरण, जायकवाडीचा डावा कालवा इतके सर्व असूनही उन्हाळा आला की 'पाणी किती आहे' हाच प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो. 'पाणी कोणत्या दाबाने येते' हा प्रश्न त्यामागे झाकून जातो.

तथापि २०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाल्यापासून खेड्यातील पाण्याचा विचार एका नव्या जागी येऊन पोहोचला आहे. पूर्वी तो आडापाशी, हापशापाशी, फार तर सार्वजनिक नळाच्या ओट्यापाशी होत असे; आता तो घराच्या भिंतीत शिरला आहे. दरडोई दररोज ५५ लिटर पाणी घरच्या नळाने मिळावे, असे या योजनेचे मान आहे. सार्वजनिक नळाची तोटी तुटली तर ती ग्रामपंचायतीने बदलावी, हे ठरलेले होते. घरातील नळी फुटली, वायसर उडाली, सांधा निखळला, तर तो खर्च त्या कुटुंबाचा असतो. आणि ज्या घरात आठवड्याच्या बाजाराचा हिशेब मोजून-मापून होतो, तेथे नवी तोटी व नळकारागिराची मजुरी ही लहान गोष्ट नव्हे.

यात एक विसंगती मात्र सहज ध्यानात येते. ज्या घरातून 'नळाला जोर नाही' अशी तक्रार येते, त्याच घरात वर्षातून एक-दोनदा तोटी गळू लागते किंवा नळी फुटते. दाब कमी असेल तर नळी फुटावी कशी, आणि दाब जास्त असेल तर घागर भरण्यास अर्धा तास का लागावा? या दोन तक्रारी एकमेकींना खोटे पाडीत नाहीत; त्या एकाच कारणातून निघतात. ते कारण म्हणजे दाबातील चढउतार. एकसारखा दाब नळ्या सहसा निमूटपणे सोसतात, आणि त्यांची हानी होते ती अचानक येणाऱ्या व अचानक जाणाऱ्या दाबाने.

दाब म्हणजे उंची

पाण्याचा दाब मोजण्याची खेड्यातील माणसाला सहज उमगणारी भाषा म्हणजे उंचीची भाषा होय. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ आपल्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम भार देतो. नळकारागीर त्यालाच 'एक किलो दाब' म्हणतात. टाकीत पाणी किती आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. गावाची पन्नास हजार लिटरची टाकी आणि घरावरची पाचशे लिटरची टाकी एकाच उंचीवर असतील, तर पाणी वाहत नसताना त्यांच्याखालच्या तोटीवर पडणारा दाब सारखाच राहील. 'टाकी मोठी बांधा म्हणजे जोर येईल' अशी मागणी ग्रामसभेत पुष्कळदा होते. मोठ्या टाकीने साठा वाढतो, जोर वाढत नाही.

घराला किती दाब पुरे, याचेही प्रमाण ठरलेले आहे. केंद्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेने १९९९ मध्ये काढलेल्या पाणीपुरवठ्याच्या नियमपुस्तिकेत एकमजली घरांसाठी किमान ७ मीटर, दुमजली घरांसाठी १२ मीटर आणि तीन मजल्यांसाठी १७ मीटर दाब जोडणीच्या ठिकाणी शिल्लक असावा असे म्हटले आहे. आणि वितरण व्यवस्थेची आखणी सामान्यतः २२ मीटरहून अधिक शिल्लक दाब धरून करू नये, असेही सांगितले आहे. या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

आता गावाची जमीन पाहावी. नदीकाठची अनेक जुनी गावठाणे पांढरीच्या उंचवट्यावर वसलेली आहेत आणि नव्या वस्त्या उताराने खाली काळ्या रानात पसरल्या आहेत. टाकीचा तळ जमिनीपासून १२ मीटर उंच आहे असे धरले आणि खालची वस्ती टाकीच्या पायथ्यापासून १५ मीटर सखल असली, तर पाणी वाहत नसताना त्या वस्तीतील तोट्यांवर २७ मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेतीन किलो दाब पडतो. त्याच वेळी टाकीच्या पातळीवरच, परंतु लांब टोकाला असलेल्या घराला १२ मीटर मिळावयास हवेत. प्रत्यक्षात अरुंद नळी, वाटेतले सांधे, वळणे आणि दरम्यानच्या शंभर तोट्या मिळून त्यातले बहुतेक खाऊन टाकतात. पाणी सर्वांत कमी मिळते ते या टोकाच्या वस्तीला, आणि टोकाला कोणाची वस्ती असते हे येथे जमलेल्या सदस्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

हा दाब मोजण्यास महागडे यंत्र लागत नाही. पारदर्शक प्लास्टिकची नळी घेऊन तिचे एक टोक तोटीला घट्ट बांधावे, तोटी पूर्ण उघडावी आणि नळीचे दुसरे टोक भिंतीशी वर वर उचलीत न्यावे. ज्या उंचीवर पाणी बाहेर पडणे थांबते व नळीत स्थिर उभे राहते, तितके मीटर त्या तोटीवरचा दाब. घराच्या छपरापर्यंत नळी नेऊनही पाणी पडतच राहिले, तर तेथे दाब पुरेसा आहे. कमरेइतक्या उंचीवरच थांबले, तर योजना त्या घरापर्यंत पोहोचलीच नाही असे समजावे, मग कागदावर जोडणी दिल्याची नोंद असो वा नसो. शाळेतील विज्ञानाच्या तासाला हा प्रयोग करण्यासारखा आहे. वाहत्या पाण्याच्या वेळी गावाच्या चार कोपऱ्यांतील चार तोट्यांवर तो केला, तर मुलांच्या वहीत गावाचा दाबाचा नकाशाच तयार होईल. साधा घड्याळी दाबमापक विकत घेतल्यास तोही फार महाग नसतो आणि तो ग्रामपंचायतीत अवश्य असावा. परंतु नळीचा प्रयोग ज्याने डोळ्यांनी पाहिला, त्याला दाब म्हणजे काय हे पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

पाण्याचा हातोडा

वाहते पाणी एकाएकी थांबविले की ते आपल्या मागच्या पाण्याला अडविते, मागचे पाणी त्याच्यावर आदळते आणि नळीतून दाबाची एक लाट मागे धावते. भिंतीतल्या लोखंडी नळीचा 'ठक्' असा आवाज अनेक घरांत ऐकू येतो, तो हाच आघात. मॉस्को शहराच्या जलवाहिन्या वारंवार का फुटतात, याचा शोध रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ च्या सुमारास प्रत्यक्ष प्रयोगांनी घेतला आणि या आघाताचे गणित मांडले. त्या गणितानुसार लोखंडी नळीत सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी क्षणात थांबविले, तर दाब सुमारे १२० मीटरने, म्हणजे बारा किलोने उसळतो. प्लास्टिकच्या नळीला थोडा ताण सोसतो, त्यामुळे तिच्यात तो सुमारे चार किलोच असतो. येथील 'च' फसवा आहे. ज्या नळीची मूळ ताकद चार किंवा सहा किलो आहे, तिच्यावर मूळच्या दाबात आणखी चार किलोंची भर पडते, तीही दिवसातून अनेक वेळा.

घरातील नळ्या लांबीने थोड्या असल्याने तेथे हा आघात सहसा पूर्ण बळाने येत नाही. पण जुन्या आणि नव्या तोट्यांतील एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. जुनी पितळी तोटी बंद करण्यास चार-पाच फेरे द्यावे लागत, त्यामुळे पाणी आपोआप हळूहळू थांबे. आजची चकचकीत तोटी एका बोटाने अर्ध्या फेऱ्यात बंद होते, आणि धुलाई यंत्राची विजेवरची झडप तर त्याहूनही जलद. सोय वाढली तसा नळीवरील आघातही वाढला. उपाय अगदी साधे आहेत. तोटी हळू बंद करावी, नळी भिंतीला ठिकठिकाणी घट्ट पकडीने बांधावी, आणि आतली नळी फार अरुंद घेऊ नये, म्हणजे पाण्याचा वेगच कमी राहतो.

खरा हातोडा बसतो तो गावाच्या मुख्य जलवाहिनीत, आणि तो ज्याच्या हातात असतो तो म्हणजे पाणी सोडणारा कर्मचारी. दोन किलोमीटर लांबीच्या प्लास्टिकच्या वाहिनीत दाबाची लाट टोकापर्यंत जाऊन परत येण्यास सुमारे दहा सेकंद लागतात. त्याहून कमी वेळात व्हॉल्व्ह बंद केला, तर तो एका क्षणात बंद केल्यासारखाच परिणाम होतो. शिवाय गेट व्हॉल्व्हचा स्वभाव असा आहे की पहिले पुष्कळसे फेरे फिरवूनही प्रवाह फारसा घटत नाही. तो जवळजवळ सगळा शेवटच्या काही फेऱ्यांत तुटतो. म्हणून शेवटचे फेरे सर्वांत सावकाश द्यावयाचे असतात. घाईने पाळी बदलणारा कर्मचारी मात्र नेमके उलट करतो. या कर्मचाऱ्याचे मानधन तुटपुंजे असते, त्याला प्रशिक्षण क्वचितच मिळते, आणि फुटलेल्या सांध्यांचा दोष मात्र कंत्राटदाराला किंवा नशिबाला दिला जातो. त्याला दोन दिवसांचे शिक्षण देण्याचा खर्च एका फुटलेल्या वाहिनीच्या दुरुस्तीपेक्षा निश्चितच कमी येईल.

खंडित पुरवठ्यात याहून एक जास्तीची अडचण आहे, ती हवेची. चार दिवसांनी, आठ दिवसांनी पाणी सुटते तेव्हा वाहिनी रिकामी, म्हणजे हवेने भरलेली असते. पाणी मागून रेटा देते, हवा तोट्यांतून फुसफुसत बाहेर पडते आणि शेवटची हवा निघून गेली की धावत आलेले पाणी बंद तोटीवर जाऊन आदळते. पाणी सुटल्याच्या पहिल्या पंधरा मिनिटांतच वायसरी उडतात व सांधे गळतात, त्याचे कारण हे. (घराला मीटर असेल तर या हवेनेही ते फिरते, आणि ग्राहकाला हवेचेही पैसे भरावे लागतात, ही तक्रार अवास्तव नाही.) व्हॉल्व्ह प्रथम थोडासाच उघडून वाहिनी सावकाश भरू देणे, उंचवट्यावरील हवेच्या झडपा दुरुस्त ठेवणे, आणि घराघरांत पाणी येण्याच्या वेळेस एक तोटी थोडी उघडी ठेवणे, एवढ्याने हा त्रास पुष्कळ कमी होतो.

मराठवाड्याला ही विद्या नवी नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने खडकी नगरीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरासाठी, नहर काढली, आणि तेथे पुढे पाणचक्कीपर्यंत मातीच्या नळ्यांनी पाणी आणले गेले. त्या नळ्यांच्या वाटेवर विटाचुन्याचे उंच स्तंभ उभारलेले होते. पाणी त्यात वर चढे, कोंडलेली हवा तेथून निघून जाई आणि दाब मोडून पाणी पुढे उतरे. भाजक्या मातीच्या नळीला जोर सोसत नाही हे जाणून त्या कारागिरांनी जोरच आवरला. आजच्या घरात छपरावरील टाकीच्या निकासनळीवर जी उघडी हवानळी वर काढलेली असते, ती याच स्तंभाची धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाही. ही हवानळी फुकट जागा अडविते म्हणून कापून टाकलेली अनेक घरे दिसतात.

बोअरची मोटार

नळयोजनेचा दाब कितीही वाढला तरी त्याला टाकीच्या उंचीची मर्यादा असते. बोअरच्या मोटारीला अशी मर्यादा नसते, आणि जिल्ह्यातील घरगुती नळ्यांची सर्वांत मोठी हानी होते ती येथे. पाण्याची टंचाई असल्याने ज्यांना शक्य आहे त्यांनी अंगणात बोअर घेतले, त्यात पाणबुडी मोटार सोडली आणि तिची नळी सरळ घराच्या नळांना व छपरावरील टाकीला जोडली. नळ बंद असताना मोटार चालू राहिली तर ती किती दाब देते, हे तिच्या पाटीवर लिहिलेल्या सर्वाधिक उंचीवरून कळते.

समजा, एखादी मोटार जास्तीत जास्त ९० मीटर पाणी उचलू शकते. मे महिन्यात बोअरमधील पाणी ६० मीटर खोल गेलेले असताना ते जमिनीपर्यंत आणण्यातच तिचे ६० मीटर संपतात व जमिनीवर फार तर ३० मीटर, म्हणजे तीन किलो दाब उरतो. सप्टेंबरात चांगला पाऊस झाल्यावर तेच पाणी १० मीटरवर येते. मोटार तीच, वीज तीच, नळ्याही त्याच. पण आता बंद तोटीवर पडणारा दाब ८० मीटर, म्हणजे आठ किलो होतो. उन्हाळ्यात निर्वेध चाललेली जोडणी पोळ्यानंतर का फुटते, याचा उलगडा यात आहे. कारागिराच्या कामाला किंवा मालाला दोष देण्यापूर्वी बोअरची पातळी पाहणे योग्य ठरेल.

यात भर अशी की, शेतासाठी आणलेली चार किलो वर्गाची स्वस्त नळी उरली म्हणून तीच घराला वापरली जाते. भारतीय मानक ४९८५ प्रमाणे बनविलेल्या नळीवर तिचा दाबवर्ग छापलेला असतो आणि तो वाचून मगच नळी घ्यावयाची असते. त्या मानकातील दाब २७ अंश सेल्सिअस तापमानाला धरलेला आहे. परभणीच्या वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि पत्र्यावरून उघडी नेलेली नळी त्याहूनही तापते. तापलेल्या प्लास्टिकची ताकद घटते, म्हणून सहा किलो छापलेली नळी तेव्हा सहा किलोंची राहत नाही. आणि वर्षानुवर्षे उन्हात राहिलेली नळी ठिसूळ होते ती वेगळीच. नळी भिंतीच्या सावलीच्या बाजूने न्यावी किंवा तिच्यावर चुन्याचा पांढरा हात द्यावा. हा उपाय स्वस्त आहे, आणि म्हणूनच कदाचित तो केला जात नाही.

मोटारीच्या नळीवर केवळ बॉलकॉक बसवून निश्चिंत राहणे ही चूक मात्र टाळावी. टाकी भरली की बॉलकॉक बंद होतो, मोटार चालूच राहते आणि सर्व दाब मधल्या नळीवर व सांध्यांवर कोंडतो. मोटारीचे पाणी छपरावरील टाकीत उघड्या तोंडाने पडावे, टाकीला रुंद उतूनळी असावी आणि टाकी भरताच मोटार बंद करणारे पातळीचे बटण लावावे. घरातील तोट्यांना पाणी द्यावयाचे ते फक्त टाकीतून. मग बोअर भरलेले असो वा आटलेले, तोटीवरचा दाब टाकीच्या उंचीइतकाच राहील. चालू मोटारीची वीज अचानक गेली की नळीतील पाणी मागे उलटते. त्यासाठी मोटारीजवळची एकदिशा झडप चांगल्या स्थितीत ठेवावी लागते.

टाकी कोठे ठेवावी, हा प्रश्न जुन्या घरांत कठीण होतो. पाचशे लिटर पाण्याचे वजन पाचशे किलो, म्हणजे पाच क्विंटल भरते. माळवदाच्या घरावर इतका भार ठेवणे धोक्याचे आहे. माळवदाच्या तुळया धान्याच्या कणग्यांसाठीही नसतात, मग पाण्यासाठी कोठून असणार. अशा घराला लागून विटांचा किंवा लोखंडी घोडा उभारून त्यावर टाकी बसवावी. तीन-चार मीटरच्या उंचीनेही स्वयंपाकघराची व न्हाणीची तोटी चांगली चालते. नळाच्या पाण्याचा फवारा उडालाच पाहिजे, ही कल्पना जाहिरातींतून आली आहे. भांडी घासण्यास फवाऱ्याची गरज नसते.

विजेच्या पाणीतापकाविषयी थोडे सांगणे जरूर आहे. पंचवीस लिटर पाणी साधारण २५ अंशांपासून ६५ अंशांपर्यंत तापविले की त्याचे आकारमान सुमारे चारशे मिलिलिटरने वाढते. मागे जाण्याची वाट एकदिशा झडपेने बंद असेल, तर ते पाणी सुरक्षा झडपेतून थेंब थेंब बाहेर पडते. या झडपेतून पाणी गळते म्हणून तिला बूच मारणे अत्यंत धोकादायक होय. जिल्ह्यातील बोअरचे पाणी बहुधा जड असते, त्यातील क्षारांनी ही झडप चिकटून बसते. म्हणून ती वर्षातून एकदा तरी उघडून साफ करवून घ्यावी.

टिल्लूचा प्रश्न

कमी दाबाचा जो उपाय घरोघरी केला जातो, तो म्हणजे टिल्लू मोटार. जोडणीच्या नियमांत ती थेट नळाला लावण्यास सहसा मनाई असते, पण बंदी आहे हे सांगून प्रश्न सुटत नाही, कारण मोटार लावणाऱ्याला पाणी हवेच असते. ती काय करते हे मात्र प्रत्येक सदस्याने जाणून घ्यावे. मोटार नळीतून पाणी ओढते तेव्हा वाहिनीतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहूनही खाली जातो. ज्या सांध्यातून इतका वेळ पाणी बाहेर गळत होते, त्याच सांध्यातून आता बाहेरचे पाणी आत ओढले जाते; आणि गावातील वाहिनी पुष्कळ ठिकाणी सांडपाण्याच्या नालीच्या कडेने किंवा तिच्याखालून गेलेली असते. पावसाळ्यात गॅस्ट्रोची आणि काविळीची साथ येते तेव्हा टाकीत क्लोरीन टाकले की नाही याची चौकशी होते, ती व्हावीच. पण टाकीतून शुद्ध निघालेले पाणी वाटेत कोणत्या घराच्या मोटारीने अशुद्ध केले, हे कोणी विचारत नाही. मोटार लावणारे घर स्वतः टाकीजवळचे असते, आणि अशुद्ध पाणी व कोरडी तोटी या दोन्ही गोष्टी टोकाच्या घराच्या वाट्याला येतात.

यावर एक मधला मार्ग आहे. जमिनीच्या पातळीवर किंवा थोडा खाली झाकणाचा लहान हौद बांधावा. वाहिनीत एक-दोन मीटर दाब असला तरी तो आपोआप भरतो, आणि मग मोटार हौदातले पाणी वर टाकीत चढविते, गावाच्या वाहिनीला स्पर्शही करीत नाही. घरकुलाच्या आराखड्यातच असा हौद धरला तर त्याचा खर्च फार वाटत नाही. ग्रामपंचायतीने आपल्या बाजूने सर्व जोडण्यांना एकाच मापाचे फेरूल द्यावे, सखल वस्तीच्या व्हॉल्व्हला ठराविक फेऱ्यांवर खूण करून तो तेवढाच उघडावा आणि उंचावरील वस्तीला स्वतंत्र वेळ द्यावी. सखल भागात दाब फारच असेल तर दाबनियंत्रक झडप बसविता येते. तिची निगा ठेवण्याची तयारी नसेल तर व्हॉल्व्हवरील खूणच बरी.

पाणी सतत दाबाखाली राहिले तर यातील अर्ध्या व्याधी आपोआप मिटतात, हा अनुभव दूरचा नाही. सातारा जिल्ह्यात कराडजवळील मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची व्यवस्था उभी केली. बेळगाव, हुबळी-धारवाड व गुलबर्गा या शहरांच्या काही भागांत २००८ पासून असाच सतत पुरवठा सुरू झाला. हुबळी-धारवाडात सतत पुरवठ्याच्या व खंडित पुरवठ्याच्या भागांतील पाण्याचे नमुने तपासले गेले, तेव्हा सतत पुरवठ्याच्या भागात दूषित नमुने कमी आढळले. परभणी जिल्ह्यातील प्रत्येक गावाला असे पाणी उद्या मिळेल असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही; तेवढा साठा सर्व ऋतूंत नाही. परंतु आठवड्यातून एकदा तीन तास जोराने पाणी सोडण्यापेक्षा तेच पाणी एक दिवसाआड तासभर सोडणे पुष्कळ गावांना शक्य आहे, आणि त्याने वाहिनी कमी वेळ रिकामी राहते.

काळ्या जमिनीचा उल्लेख राहून जाऊ नये. ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. तिच्यात उथळ पुरलेली नळी दरवर्षी वर-खाली ओढली जाते आणि तिचे सांधे सैल होतात. मग थोडासा दाबही पुरतो. नळी तीन फूट खोल चरात, खाली-वर वाळूचा किंवा बारीक मुरमाचा थर देऊन पुरावी, हे कामाच्या वेळी उभे राहून पाहण्याचे काम सदस्यांचे आहे. चर एकदा बुजला की आत काय आहे हे फक्त फुटल्यावर कळते.

ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा नोंदवहीत पाणी सोडल्याची वेळ व क्लोरीनची नोंद असते. तिच्यात आणखी दोन रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात टाकीजवळच्या तोटीवरील दाब मीटरमध्ये लिहावा आणि दुसऱ्यात टोकाच्या वस्तीतील शेवटच्या तोटीवरील. मोजणी महिन्यातून एकदा, पाणी सुटल्यापासून अर्ध्या तासाने व्हावी, आणि शेवटच्या तोटीपाशी नळी धरण्यास त्या वस्तीतीलच कोणी असावे.